मदत हवी आहे : दारू सोडून ४१ दिवस झाले, झोप कधी येणार? आणि गटारीचं काय करू?

नमस्कार मंडळी. सांगलीत असतो, वय ४४. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. इथं बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय.

बारा-तेरा वर्षं रोज एक क्वार्टर होती, शनिवारी जरा जास्त. कधी कुठं पडलो नाही, कुणाशी भांडलो नाही, कामावर खाडा नाही. त्यामुळं मी स्वतःला पिणाऱ्यांत धरतच नव्हतो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, त्यात फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. बीपी १५२/९८. डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?" मी म्हटलं, "थोडी." म्हणाले, "थोडी म्हणजे किती, आकडा सांगा." आकडा तोंडातून बाहेर पडला तेव्हा माझा मलाच मोठा वाटला.

त्यांना विचारूनच सोडली, पहिल्या आठवड्याला त्यांनी गोळ्याही दिल्या. तरी चार दिवस हातात कपबशी वाजायची. मग थांबलं.

फायदे झालेत, नाही म्हणत नाही. परवा बीपी १३४/८६ आलं. रात्रीची छातीतली जळजळ गेली. चकणा धरून रोजचे अडीचशे, म्हणजे दहा हजारांवर रक्कम वाचली (दिवाणजी आहे, हिशेब ठेवतोच). मुलगी आठवीत आहे. ती आता रात्री साडेआठला गणिताची वही घेऊन येते. आधी येत नव्हती. का, ते मी विचारलं नाही.

पण रात्री दोनला टक्क जागा होतो. स्वप्नात दारू पितो आणि घामाघूम होऊन उठतो. दिवसा सतत गोड लागतं, रोज दोन-तीन कंदी पेढे होतात, त्यामुळं वजन आहे तिथंच. आणि संध्याकाळी सात ते नऊ! हिशेब मिळाला की पाय आपोआप वळायचे, ते आता कुठं वळवायचे कळत नाही. माझा चकणा म्हणजे भडंग. सांगलीत राहून भडंगापासून किती लांब पळणार? वास आला तरी जिभेला दुसरंच आठवतं.

वर पुढच्या आठवड्यात गटारी. दरवर्षी मित्राच्या मळ्यात असते. "तू नुसतं मटण खायला ये" म्हणतायत. जाऊ का? आणि ही झोप किती दिवसांत रुळावर येते?

कोयनाकाठचा : दादा, मी कराडचा, नऊ वर्षं झाली सोडून. पहिल्या गटारीला "नुसतं मटण खायला" मीच गेलो होतो. मटण शिजेपर्यंत दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत हातात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. यंदा जाऊ नका. पुढच्या वर्षी बघू. सात ते नऊचं मी असं केलं की घरीच थांबलो नाही. आधी ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) सभेला जायचो. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, आपल्यासारखीच माणसं मराठीत बोलतात. सभा नसेल त्या दिवशी चालायला. तुमच्याकडं हरिपूर रस्ता आहे की. संगमावर जाऊन यायचं, तोवर नऊ वाजतात.

वॉर्डातली_माई : मी निवृत्त सिस्टर. झोपेचं सांगते. दारूनं झोप 'लागते', पण ती गुंगी असते. स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा दारू दाबून ठेवते. सोडली की तो उसळून वर येतो, म्हणून एवढी स्वप्नं. वर्षानुवर्षं गुंगी आणणारं काहीतरी रोज मिळत होतं, तेव्हा मेंदूनं त्याविरुद्ध स्वतःला जागं ठेवायची सवय लावून घेतली. ती मोडायला काही आठवडे, कुणाला काही महिनेही लागतात. संध्याकाळनंतर चहा बंद करा, दुपारी झोपू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेच्या गोळ्या आणू नका, एक सुटली आणि दुसरी लागली असं झालेलं मी पाहिलंय. दारू पिल्याचं स्वप्न बऱ्याच जणांना पडतं. त्यात तुमची चूक काही नाही.

फॅटी लिव्हर नुसत्या चरबीपर्यंत असेल तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ते सुधारायला लागतं. म्हणून तपासणी पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. लिव्हर कडक झालं, सिऱ्होसिस झाला, की मग गोष्ट वेगळी असते.

आकडेमोड : क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण ६१ ग्रॅम अल्कोहोल. ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर सव्वाचारशेच्या आसपास. चकणा वेगळाच. तुम्ही तेवढ्या वाचवताय आणि पेढ्यांत बऱ्याचशा परत घालताय, म्हणून काटा हलेना. पण पहिले दोन-तीन महिने पेढे चालू राहू देत हो. शुगर तपासून घ्या म्हणजे झालं. एका वेळी एकच लढाई.

बिनधास्त_बाळ्या : एका पेगनं काय होतंय? थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते म्हणतात.

वॉर्डातली_माई : बाळ्या, ते जुनं झालं. आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय. कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दारू १९८८ पासून आहे. आणि रोज क्वार्टर घेणाऱ्याला एक पेग म्हणजे काय, हे तुला माहीत नाही असं धरून चालते.

धागाकर्ता : माई, पुष्कळ आभार. दोनला जाग आली की मला वाटायचं डोकंच बिघडलंय.

आणखी एक विचारतो. माझं बघून यार्डातला एक हमाल मित्र म्हणतोय, मीही उद्यापासून बंद. तो सकाळी उठल्या उठल्या घेतो, नाही घेतली तर हात चालत नाहीत. त्याला काय सांगू?

वॉर्डातली_माई : त्याला उद्यापासून बंद करू देऊ नका! आधी दवाखान्यात न्या. असं माणूस एकदम थांबलं की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, त्यात जीवही जातो. डॉक्टर गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. जमेल तर दाखल करा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथं विचारा.

मिरजेची_थोरली : माईंना दुजोरा. आणखी एक सांगते, त्याच्या बायकोपर्यंत पोचवा. भिंतींवर रंगवलेलं असतं, "न सांगता दारू सोडवा". त्याला भुलू नका. माझ्या जाऊबाईंनी कुणाकडून तरी गोळी आणून दिरांच्या भाजीत घातली. ते नेहमीसारखे पिऊन आले, अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी खाली. रात्रभर आयसीयूत. ती गोळी डॉक्टरही देतात, पण पिणाऱ्याला सांगून, त्याच्या मर्जीनं. पुढं दिरांची दारू सुटली खरी, पण घरात कुणाच्या हातचं खायला ते वर्षभर घाबरत होते.

कोयनाकाठचा : हमालदादांना केंद्र हवं असेल तर साताऱ्यात 'परिवर्तन' आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं. पुण्यात 'मुक्तांगण', १९८६ पासून. फोन करून जा.

धागाकर्ता : त्याला आज दुपारी डॉक्टरांकडं नेलं. मालकांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच गाडी दिली. दाखल केलंय. बायको रडत होती, पण वेगळ्या कारणानं असावी.

धागाकर्ता (गटारीच्या रात्री) : मळ्यात गेलो नाही. पाच फोन आले, दोन उचलले. "बायकोला घाबरला" झालं, "लय शहाणा झाला" झालं. साडेसातला हरिपूरच्या वाटेला लागलो. पाऊस होता, निम्म्यातच भिजून परत आलो. आज दिव्याची अंवस पण असते हे मी इतकी वर्षं विसरूनच गेलो होतो. आईनं समया चिंचेनं घासून पाटावर मांडलेल्या, गुळाचे कणकेचे दिवे केलेले. तुपाबरोबर सहा खाल्ले. आकडेमोड भाऊ, कॅलरी सांगू नका.

आता दीड वाजलाय. अजून झोपलो नाही, दोनची वाट बघतोय.