पोटातल्या बाळापासनंच सुरू होतंय हे

वर एकानं लिहिलंय की पोरं जाड होतात ती नुसत्या खाण्यानं, केमिकलनं पोरं जाड होतात हे नुसतं खूळ आहे. खाणं आहेच हो, पण तेवढ्यावर भागत नाही. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या ग्रून आणि ब्लुमबर्ग या संशोधकांनी 'ओबेसोजेन' म्हणजे अंगात चरबी वाढवणारं रसायन, हा शब्द आणला, जहाजाच्या बुडाला लावायच्या रंगात असायचं ते ट्रायब्युटिलटिन गाभण उंदरांना दिलं तर पिल्लांच्या अंगात चरबी जास्त साठली, कारण चरबीच्या पेशी तयार करायला लावणारं पीपीएआर गॅमा नावाचं जे बटण शरीरात असतंय तेच हे रसायन दाबतंय, मग हाडाची होऊ शकणारी मूळ पेशी पण चरबीकडं वळते. माणसात इतका थेट पुरावा नाही, ते खरं. पण बाळाची घडण पोटातच होते, ती वेळ परत येत नाही.

आमची वहिनी सातव्या महिन्यात आहे. परवा शहापुरातल्या एका खानावळीतनं सांबार पार्सल आणलं, पिशवी हाताला चटका देत होती, गाठ सोडताना प्लास्टिक मऊ पडून ताणलं गेलेलं. गरम आणि तेलकट पदार्थात प्लास्टिकमधली रसायनं जास्त उतरतात. त्या दिवसापासनं मी स्टीलचा डबाच घेऊन जातोय.

आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये असायचं ते बीपीए नावाचं रसायन बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतनं युरोपनं २०११ सालीच काढलं, आपल्याकडं २०१५ ला नियम आला, तेव्हा मोठ्या पोराची त्याआधीची कडक पारदर्शक बाटली माळ्यावर असली तर धाकट्याला देऊ नका.