टीप खालून जाळी धरते, बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू आवळू का?

सुईदोरा, इंदूर:
पायाची काळी मशीन आहे. माहेश्वरीचा ब्लाउज, आत कॉटनचं अस्तर. वरून टीप ठीक दिसते, उलट्या बाजूला मात्र दोऱ्याची जाळीच. केसचा स्क्रू दोनदा आवळला, फरक नाही. सुई १६ नंबर.

काजबटण:
ताई, आता स्क्रूला हात लावू नका. जाळी खाली दिसली तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. शटलला (खालची डबी बसते त्या भागाला) वळसा घालून आलेला दोरा वर खेचला जायला ताण लागतो. तो नसला की सैल दोरा खालीच साठतो. दोरा पूर्ण काढा, प्रेशर फूट (कापड दाबणारा पाय) उचला आणि मग ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरत नाही. ओवल्यावर फूट खाली करून ओढून पाहा, सुई किंचित वाकेल इतका अडला पाहिजे. तरीही सुळकन आला तर चकत्यांत धाग्याचा तुकडा अडकलाय. स्पिरिटमध्ये भिजवलेली मलमलची पट्टी फिरवा. तेल तिथे नकोच.

दुहेरी_टीप:
आवळलेला स्क्रू जागेवर आणावा लागेल. आधी केसवरच्या दोरा दाबणाऱ्या पत्तीखालून जाड कागदाचा कोपरा सरकवा. कापसाचा एक कणसुद्धा पत्ती उचलून धरतो. मग बॉबिन घातलेली केस दोऱ्याने लोंबकळत धरा. आपल्या वजनाने घसरली तर सैल. हलक्या झटक्याने इंच-दोन इंच उतरून थांबली की बरोबर. स्क्रू एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवायचा.
आणि १६ ची सुई जाड कापडाची. माहेश्वरीचा ताणा (उभे धागे) रेशमी असतो, भोकं दिसतील. ११ लावा, दोरा ज्या बाजूने ओवता तिकडे सुईची लांब खाच.

सुईदोरा, इंदूर:
फूट उचलून ओवलं, सुई बदलली. जाळी गेली! पण आता वर खालच्या दोऱ्याचे बारीक ठिपके दिसतात.

काजबटण:
म्हणजे आता वरचा ताण जास्त झालाय. चकत्यांवरचा टेन्शनचा नट पाव फेरा सैल करा. वर लाल, खाली पांढरा दोरा घेऊन त्याच कापडाच्या चिंधीवर, अस्तरासकट, तिरकी टीप मारा आणि दोन्ही टोकं धरून ताणा. लाल तुटला तर वर अजून घट्ट आहे, पांढरा तुटला तर खाली. दोन्ही एकदम तुटले की ब्लाउज घ्या.