दिसणाऱ्या टॅटूमुळे उमेदवाराचे गुण कमी करावेत का?

प्रश्न

मी आमच्या संस्थेच्या निवड समितीवर आहे. ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्या एका पदासाठी आलेल्या उमेदवाराची तयारी इतरांपेक्षा सरस होती. मात्र तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत टॅटू होता आणि तो पाहून दोन सदस्यांनी ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्यातले गुण कमी केले. कारण विचारले असता, ‘आमची स्वतःची हरकत नाही, पण ग्राहकांना ते रुचणार नाही,’ असे उत्तर मिळाले. अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे. टॅटू काढणारी माणसे बेफिकीर किंवा उतावळी असतात, या समजुतीला काही आधार आहे का? समितीपुढे हा मुद्दा कसा मांडावा?

प्रतिसाद १

ही समजूत कुठून आली हे पाहिले, तर तिचा आधार किती कच्चा आहे ते लक्षात येते. इटलीतील लोम्ब्रोसो या वैद्यकाने 1876 मध्ये गुन्हेगारांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि टॅटू हे जन्मजात गुन्हेगारी वृत्तीचे एक लक्षण असल्याचे प्रतिपादन केले. त्याची पाहणी मुख्यतः कैदी आणि सैनिक यांच्यापुरती होती. तुरुंगातच शोध घेतला, तर टॅटू असलेले गुन्हेगार सापडणारच. त्याच काळात, पुढे सातवा एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या राजपुत्राने 1862 मध्ये जेरुसलेम येथे दंडावर क्रूस गोंदवून घेतला होता आणि त्याचा मुलगा जॉर्ज याने जपानमध्ये ड्रॅगन काढून घेतला होता. त्यांच्या चारित्र्याविषयी कोणी असा निष्कर्ष काढला नाही. शाई तीच, पण माणसाचा दर्जा पाहून तिचा अर्थ बदलला.

जपानचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तेथे गुन्हेगारांना शिक्षा म्हणून हातावर किंवा कपाळावर गोंदण्याची पद्धत होती. पुढे 1872 मध्ये सरकारने गोंदण्यावरच बंदी घातली आणि ती 1948 पर्यंत टिकली. बंदी उठून इतकी दशके लोटली, 2020 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टॅटू काढणे हे वैद्यकीय कृत्य नसल्याचा, म्हणजे त्यासाठी डॉक्टरचा परवाना लागत नसल्याचा, निर्णय दिला, तरीही अनेक सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू असलेल्यांना आजही प्रवेश मिळत नाही. राज्यसत्तेने एकदा कलंक म्हणून वापरलेली खूण, कायदा बदलला तरी लोकांच्या नजरेतून लवकर पुसली जात नाही. तुमच्या सहकाऱ्यांची अस्वस्थताही अशीच वारशाने आलेली असावी, आणि म्हणूनच ती गुणपत्रिकेवर उतरता कामा नये.

प्रतिसाद २

वरील इतिहास मान्य करूनही मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. टॅटूकडे पाहूच नये, असे म्हणणेही बरोबर नाही. एखाद्याने द्वेषाचे किंवा हिंसेचा गौरव करणारे चिन्ह कायमचे अंगावर काढून घेतले असेल, तर तो त्याने उघडपणे केलेला उच्चार आहे आणि संस्थेने त्याची दखल घेणे गैर नाही. प्रश्न निकष लेखी असण्याचा आहे. अमेरिकेच्या लष्करासारख्या शिस्तप्रिय यंत्रणेनेही 2022 मध्ये नियम शिथिल करून प्रत्येक हाताच्या पंजावर एक इंचापर्यंतचा आणि मानेच्या मागे दोन इंचांपर्यंतचा एक टॅटू चालेल असे ठरवले, मात्र अतिरेकी, वंशद्वेषी, स्त्रीद्वेषी आणि अश्लील मजकुरावरची बंदी कायम ठेवली. जागा, आकार आणि आशय यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे उमेदवाराला आधीच कल्पना असते. ‘व्यक्तिमत्त्व’ हा रकाना मात्र कोणाचीही नावड झाकू शकतो.

प्रतिसाद ३

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या हातावर फुलांच्या वेलीचा टॅटू आहे. रुग्णाला सलाईन लावताना त्याची नजर तिकडे जाते, एखादा प्रश्न येतो आणि तेवढ्यावर विषय संपतो. त्याचे लक्ष सुई नीट लागते की नाही याकडे असते. आक्षेप आजवर मला वरिष्ठांकडूनच ऐकावे लागले, आणि तेही रुग्णांच्या नावाने. म्हणून तुमच्या सदस्यांना एकच विचारा: टॅटूबद्दल प्रत्यक्ष किती ग्राहकांनी तक्रार केली आहे? उत्तर नसेल, तर ती नापसंती त्यांची स्वतःची आहे.

शिवाय बाईच्या अंगावरचा टॅटू पाहून तिच्या चालचलणुकीविषयी जे तर्क केले जातात, ते पुरुषाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. तुमच्या समितीने हेही तपासावे. न्यूझीलंडमधील नानाया महुता यांनी 2016 मध्ये माओरी परंपरेप्रमाणे हनुवटीवर गोंदवून घेतले आणि 2020 मध्ये त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. देशाचे प्रतिनिधित्व करताना चेहऱ्यावरची ती खूण आड आली नाही.

प्रतिसाद ४

एक पूरक मुद्दा. टॅटूनंतर काही काळ रक्तदान करता येत नाही, यावरून काही जण अशा माणसांना कायमचे ‘असुरक्षित’ ठरवतात. सुईतून संसर्ग झालाच असेल, तर तो चाचणीत दिसू लागेपर्यंत वेळ जातो, एवढेच त्यामागचे कारण आहे. ठरलेला काळ उलटला, की इतर निकषांत बसणारी टॅटूधारक व्यक्ती रक्तदान करू शकते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे: कमी केलेल्या गुणांचे लेखी कारण नोंदवावे, ग्राहकांच्या तक्रारींची नोंद असेल तर ती समोर ठेवावी आणि टॅटूविषयी नियम हवाच असेल, तर तो आशयापुरता असावा व पुढच्या जाहिरातीपासून लागू करावा. या उमेदवाराचे गुण मात्र आधीच्याच निकषांवर पुन्हा मोजले जावेत, असा माझा आग्रह राहील.