एमएस आणि अडखळणारं डोकं: घरी काय उपयोगी पडतं?

एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात, चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि संदेश रेंगाळतात. पायांचा, डोळ्यांचा त्रास सगळे विचारतात. विसरणं, शब्द न सुचणं याबद्दल फार कमी जण. आपण घरी काय करता? अगदी बारीकसारीकही सांगा.

*

निदानाला नऊ वर्षं झाली. चालते नीट, म्हणून कुणाला पटायचंच नाही. घरात चौघं बोलत असले की ते पुढच्या विषयावर पोचलेले आणि मी आधीच्याच वाक्यात. मग चाचणी झाली, 90 सेकंदांत चिन्हांना आकडे जुळवायचे. कळलं की विचारांचा वेग मंदावलाय, बुद्धी शाबूत आहे. त्या दिवशी खूप रडले, पण मोकळंही वाटलं. आता घरच्यांना सांगून ठेवलंय: एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद करा, उत्तराला वेळ द्या. माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. हे शेवटचं पाळायला त्यांना सर्वांत जड गेलं.

*

चिठ्ठ्या हरवायच्या. आता एकच वही, एकाच जागी. मधेच उठावं लागलं तर आधी पुढची पायरी लिहितो, मगच उठतो.

*

एमएस माझ्या बायकोला आहे. "सकाळीच सांगितलं होतं ना" हे मी दिवसातून कितीदा म्हणायचो! तिचा चेहरा पडायचा. आता औषधांची आठवण फोनचा अलार्म करतो. मी तिचा नवरा आहे, पहारेकरी नाही, हे मला उशिरा उमगलं.

*

हिशेब, फॉर्म, महत्त्वाचे फोन सकाळीच उरकते, तेही मधे विश्रांती घेऊन. उकाड्यात किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर डोकं धुकट होतं, अंग निवलं की सावरतं. एकदा मात्र दोन दिवसांत इतका गोंधळ वाढला की रिलॅप्सच (एमएसचा नवा झटका) वाटला. निघाला लघवीचा संसर्ग. म्हणून अचानक बिघडलं तर घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना कळवा. झोप, नैराश्य आणि चालू औषधं यांबद्दलही विचारा. मूत्राशयासाठीच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा वाढू शकतो.

*

मेंदूचे खेळ वर्षभर खेळलो. खेळात गुण वाढले, किल्ल्या हरवतच राहिल्या. दाराशी खुंटी ठोकली, तेव्हापासून सापडतात.