चित्र काढतात, फोटो पाडतात. मग भिंतीवर चालणाऱ्या व्हिडिओचं क्रियापद कोणतं?

रावपुरावाली
काकांना (वय ८१) घेऊन बडोद्यात पुष्पबागेत, म्हणजे फाइन आर्ट्स कॉलेजच्या आवारात, तिथल्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन बघायला गेले होते. भाची तिथे छापचित्रं शिकते, त्यामुळे जाणं भागच होतं. चित्रं झाली, शिल्पं झाली, मग काळा पडदा सारून एका अंधाऱ्या खोलीत शिरलो. समोर भिंतभर दूध तापत होतं. साय धरली, कडेने बुडबुडे आले, दूध वर चढायला लागलं, आता उतू जाणार म्हणेपर्यंत परत पहिल्यापासून. काका बराच वेळ बघत राहिले. एकदा त्यांचा हात गॅसच्या दिशेने गेल्यासारखा वाटला मला. बाहेर येऊन तिथे बसलेल्या मुलाला म्हणाले, "छान आहे. कोणी काढलंय?"

मुलगा मराठीच निघाला. "काढलेलं नाहीये आजोबा, शूट केलंय."
"म्हणजे पाडलंय?"
मुलाला काही कळेना. तो सोलापूरचा.

घरी येईपर्यंत काकांचा एकच धोशा. चित्र काढतात, मूर्ती घडवतात, रांगोळी घालतात, भिंत रंगवतात. मग या दुधाचं काय केलं म्हणायचं? व्हिडिओ कला आहे की नाही यावर पुष्कळ वाद ऐकलेत. मला क्रियापद हवंय.

शुद्धलेखक
आधी ते "पाडलंय" सुधारा. मराठीत फोटो काढतात. पाडतात ते दात आणि भिंती.

रावपुरावाली
अहो, पुण्यात काढत असतील. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या, आमच्याकडे फोटो पाडतातच. गुजराती संगतीचा परिणाम आहे, मान्य. पण त्या "चुकी"त एक गंमत आहे, ती बघा. गुजरातीत चित्र 'दोरवुं', फोटो 'पाडवो' आणि व्हिडिओ 'उतारवो'. तीन कामं, तीन क्रियापदं. हाताने रेघ ओढणं वेगळं, यंत्रातून पडणं वेगळं. मराठीत तिन्हींना एकच: काढणे. चित्र काढलं, फोटो काढला, लग्नाचं शूटिंग काढलं. कॅमेऱ्याने केलेलं चित्र कला की नुसती नक्कल, हा वाद युरोपात एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं चालला. मराठी भाषेने मात्र कॅमेरा आला तसा त्याला 'काढणे'च्या पंगतीत बसवून टाकलं.

जुनी बाडं
'काढणे'सुद्धा तसं अलीकडचंच. जुन्या मराठीत चित्र *लिहीत*. संस्कृतात लिख् म्हणजे मुळात ओरखडणे, रेघ ओढणे. अक्षर आणि चित्र दोन्ही त्यातून निघाली. उषेच्या स्वप्नातला पुरुष कोण हे शोधायला तिच्या सखीने एकेकाची चित्रं लिहिली आणि अनिरुद्ध सापडला. त्या सखीचं नावच चित्रलेखा.

काढणे म्हणजे आत आहे ते बाहेर आणणे. विहिरीतून पाणी, पायातून काटा, गळ्यातून सूर. (आणि बँकेतून कर्ज.) त्यामुळे डब्यातून फोटो 'काढला' यात वावगं काहीच नाही. रेघेशी नातं 'लिहिणे'चं होतं आणि ते सुटलं कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी.

कॅसेटवाला
मी १९९२पासून बडोद्यात लग्नाचं शूटिंग काढतो. ताईंनी सांगितलेलं दूध मीही तापवलंय. गृहप्रवेशाच्या कॅसेटमध्ये दूध उतू जातानाचा शॉट घ्यावाच लागतो, नाहीतर घरच्या बायका पैसे कापतात. मला कोणी कलावंत म्हटलं नाही, माझी तक्रारही नाही. पण त्या मुलाचा आणि माझा कॅमेरा एकच, एडिटिंगचं सॉफ्टवेअरही एकच असणार. फरक काय? माझं दूध उतू जातं आणि पुढे नवरी येते. त्याचं जातच नाही.

शब्दाचं म्हणाल तर अजून 'चित्रफीत' लिहितात ते वाचून हसू येतं. फीत आम्ही खरंच हाताळली आहे. अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, बुरशी लागली की पुसायची. आता कार्डावर सगळे आकडे. फीत गेली, चित्रफीत राहिली.

शुद्धलेखक
'चित्रपट'मधला पट म्हणजे कापड. तेही कधीच गेलं, तरी शब्द चाललाच आहे की. यावरून हसण्यासारखं काही नाही.

कॅसेटवाला
हसत नाही साहेब. फीत आठवते, एवढंच.

कलमदान
व्यवसायामुळे कायद्याच्या अंगाने थोडं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकृती'ची व्याख्या फार मजेची आहे. चित्र, शिल्प, रेखाटन, छायाचित्र वगैरे, आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की त्यात कलागुण असोत वा नसोत. चांगलं-वाईट ठरवायच्या फंदात कायदा पडत नाही. पण चलचित्र या यादीत नाही, त्याची व्याख्या वेगळी. म्हणजे पुष्पबागेतल्या भिंतीवरचं दूध तिथे रंगवलं असतं तर 'कलाकृती', आणि चालत असेल तर 'चलचित्र'. दोन्हींना संरक्षण आहे, खण वेगळे.

आणखी एक. १९९४च्या दुरुस्तीत संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता कोण, तेही सांगितलं आहे: ती कृती *निर्माण करवणारी* व्यक्ती. प्रयोजक क्रियापद!

रावपुरावाली
कलमदान, या 'करवणारी'वर मी दोन दिवस अडकलेय.

कारण आमच्या गावात करवून घेण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण राजवाड्यातच आहे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलसाठी सयाजीरावांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं *काढवून घेतली*. विषय ठरले, जागा ठरली, पैसे महाराजांचे. तरी ती चित्रं सयाजीरावांची आहेत असं म्हटलं तर अर्थ 'मालकीची' एवढाच होतो. मराठीत 'काढली' आणि 'काढवून घेतली' यांची गल्लत कोणी करत नाही.

आता २०१८चं ते प्रकरण आठवा. पंधरा हजार जुनी व्यक्तिचित्रं संगणकाला दाखवून त्याच्याकडून एक नवं व्यक्तिचित्र करवून घेतलं, कोपऱ्यात सहीच्या जागी गणिताचं सूत्र छापलं, आणि क्रिस्टीजच्या लिलावात ते ४,३२,५०० डॉलरला गेलं. हल्ली भाचीचे मित्रमैत्रिणी फोनला दोन ओळी सांगतात आणि चित्र येतं. ते म्हणतात, "मी बनवलं." काढलं असं कोणी म्हणत नाही, हे मी मुद्दाम ऐकून ठेवलंय. जीभ अडखळते तिथे. कायदा 'करवणाऱ्या'ला कर्ता म्हणो, बोलीने त्याला अजून महाराजांच्याच खुर्चीत बसवलंय.

जुनी बाडं
रविवर्म्याचा विषय निघालाच आहे तर *छापणे* विसरू नका. तैलचित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही कल्पना त्याला सुचवली सर टी. माधवराव यांनी, तेच बडोद्याचे दिवाण. १८९४मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघर देवघरात बसल्या. "ही मूळ की प्रत?" असं हळदकुंकू वाहताना कोणी विचारलं नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पुढे याच छापखान्याशी संबंध आला, आणि १९१३मध्ये त्यांनी चित्रपट काढला. चित्रपटही काढलाच, बरं का. वर्तमानपत्र काढतात तसा.

छाप
मी ती भाची. मावशीने लिंक पाठवली म्हणून आले.

प्रतींचा प्रश्न आमच्या विभागात रोजचा आहे. एका प्लेटचे दहा छाप घेतले की खाली पेन्सिलीने ३/१० असं लिहितो. दहाही मूळच. व्हिडिओवाल्यांनी हीच रीत उचलली: तीन किंवा पाच प्रती, सोबत प्रमाणपत्र, बाकी विकायच्या नाहीत. फरक एवढाच की आमची प्लेट झिजते, त्यामुळे आकडा आपोआप आवरतो. फाइल झिजत नाही, तिथे शब्द पाळावा लागतो.

आणि क्रियापदांच्या यादीत *बिघडवणे* घाला. व्हिडिओ कलेची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, नाम जून पाइक, याने १९६५मध्ये टीव्हीच्या खोक्यावर मोठा लोहचुंबक ठेवला आणि पडद्यावरची प्रतिमा वाकली. घरी मी असं केलं असतं तर काकाआजोबांनी फटके दिले असते.

शुद्धलेखक
मुद्द्याचं बोला. पर्याय म्हणून *मांडणे* सुचवतो. 'मांडणशिल्प' हा शब्द रुळलेला आहेच. रुखवत मांडतात, पूजा मांडतात, हिशेब मांडतात.

रावपुरावाली
मांडणे चांगलं आहे, पण मांडलेलं तिथेच राहतं. हे दूध थांबत नाही. प्रोजेक्टर बंद केला की भिंत कोरी.

म्हणून मला आपला जुना 'कलावंत' आठवला. बडोद्याच्या दरबारचा 'कलावंत कारखाना' म्हणजे गाणारे, वाजवणारे, नाचणारे यांचं खातं. ज्यांचं काम वेळात चालतं आणि वेळ संपली की संपतं, ते. भिंतीवर राहतं ते काम चिताऱ्याचं. चित्रकारालाही कलावंत म्हणायचं ही नंतरची सवय. त्या हिशेबाने दूध तापवणारा मुलगा चितारी नव्हेच, तो गवयाच्या बाजूचा. क्रियापद तिकडचं घ्यावं का? *सादर केलं?* की बैठकीत *राग लावतात* तसं *लावलं?* व्हिडिओ आपण लावतोच.

कॅसेटवाला
ताई, लावतो तो बघणारा. कॅसेट तुम्ही लावता, काढलेली मी असते.

रावपुरावाली
हे बरोबर. 'लावणे' बाद.

छाप
मावशी, त्या कामाच्या खालची पट्टी वाचली होतीस का? तिच्यात क्रियापदच नव्हतं. शेजारच्या चित्राखाली कॅनव्हास, तैलरंग, ३६ × ४८ इंच. याच्याखाली नाव, व्हिडिओ, ७ मिनिटे, लूप.

रावपुरावाली
काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "सात मिनिटं लांब आहे होय! मग रुंद किती?"