‘गोपनीयता’ की ‘खासगीपणा’?

अनुवादिका : एका मेल-सेवेच्या अटींचे मराठीकरण करताना एका वाक्यापाशी दोन दिवस अडून बसले आहे. ‘प्रायव्हसी’ आणि ‘कॉन्फिडेन्शियल’ हे दोन्ही शब्द त्यात शेजारीशेजारी आले आहेत, आणि रूढ मराठीत दोहोंना ‘गोपनीय’च म्हणतात. ‘गोपनीय मजकुराची गोपनीयता’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय ‘गोपनीय’ म्हटले की काहीतरी दडवलेले आहे, असा वास येतो. बहिणीला आईच्या औषधांविषयी मी जो मेल लिहिते, त्यात दडवण्याजोगे काही नसते. तरीही तो तिसऱ्या कोणी वाचू नये, हा माझा हक्क आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील १२ व्या कलमात पत्रव्यवहाराचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि पत्रात गुपित असले पाहिजे अशी अट तेथेही नाही. मग ‘खासगीपणा’ म्हणावे का?

जुन्या पत्रांचा वाचक : ‘गुप्’ धातूवर आपण अन्याय करत आहात. त्याचा एक अर्थ राखणे असा आहे; ‘गोप्ता’ म्हणजे रक्षणकर्ता. लपवण्याची छटा आपण पुढे इतकी गडद केली, की राखणे विसरलो. ‘खलबत’ शब्दाचेही तेच झाले. मुळात एकांत, मग एकांतातली मसलत, आणि आता ‘खलबते चालली आहेत’ म्हटले की कारस्थानच डोळ्यांपुढे येते. एकांताविषयी आपल्या भाषेला इतका संशय का असावा, याचे मला वाईट वाटते. माझे आजोबा पोस्टकार्डावर घरचे सारे लिहीत, पण नाजूक विषय आला की ‘बाकी भेटीअंती’ एवढ्यावर थांबत. कार्ड वाटेत कोणीही वाचू शकते, हे ते जाणून होते.

तंत्रज्ञ : मेलच्या बाबतीत ती जाणीवच हरवली आहे. १९८२ साली मेल पोचवण्याचे जे नियम ठरले, त्यांत मजकूर झाकण्याची सोयच नव्हती. आज मेल बहुधा वाटेत झाकलेला असतो, पण सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर तो उघडता येतो. १९९१ मध्ये आलेल्या पीजीपी या संगणकीय आज्ञावलीने मजकुराला कुलूप लावता येऊ लागले, तरी कोणी, कोणाला, केव्हा लिहिले हे उघडेच राहिले, आणि सहसा विषयाची ओळही. म्हणून केवळ मजकुरापुरता असलेला शब्द मला अपुरा वाटतो. आणि कृपया या कुलपाला ‘कूटबद्धीकरण’ म्हणू नका. आपल्याकडे ‘लखोटा’ आहे, लाखेने बंद केलेला.

अनुवादिका : ‘लखोटाबंद मेल’ मला मनापासून आवडले, पण अटींच्या मसुद्यात ते कोणी ठेवू देईल का?

शुद्धलेखनाग्रही : ‘मेल’ तरी कशाला? ‘विरोप’ हा शब्द मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे वापरात आहे. ‘खासगीपणा’लाही माझी हरकत आहे; फारसीतून आलेल्या शब्दाला मराठी प्रत्यय जोडण्यापेक्षा ‘गोपनीयता’ शुद्ध आहे.

जुन्या पत्रांचा वाचक : ‘बेजबाबदारपणा’ चालतो, मग ‘खासगीपणा’ का चालू नये? लिफाफ्याच्या कोपऱ्यात ‘खाजगी’ एवढेच लिहिलेले असे, आणि घरातले कोणी तो फोडत नसे. ते काम ‘गोपनीय’ने झाले नसते, त्या शब्दाने उलट उत्सुकताच वाढली असती.

शुद्धलेखनाग्रही : तिथेही ‘खासगी’च हवे, मूळ शब्द ‘खास’ आहे, ‘खाज’ नव्हे.

जुन्या पत्रांचा वाचक : माझ्याकडच्या एकाही लिफाफ्यावर ‘स’ नाही. लिहिणाऱ्यांनी ‘ज’ लिहिला आणि वाचणाऱ्यांनी तो मानला.