एन्झाइम घातलं, पण डीसीपी कमी केलंत का?
दादा, कोंबड्यांच्या खाद्यात एन्झाइम घालूनही खर्च वाढलाच, असं तुम्ही म्हणताय. मग डीसीपी (फॉस्फरससाठी घालतो ते डायकॅल्शियम फॉस्फेट) होतं तेवढंच ठेवलं असणार. मका आणि सोया डीओसीमधला (तेल काढलेल्या सोया पेंडीतला) साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, कोंबडीला तो नीट पचत नाही. फायटेज हे एन्झाइम तो मोकळा करतं. म्हणून खाद्याच्या किलोमागे ५०० युनिट फायटेज घातलं की त्या हिशोबाने डीसीपी खाली आणायचं, नाहीतर दोन्हीचे पैसे जातात.

आमचं शेड इंदूरजवळ, महूच्या बाजूला. मका महागला तेव्हा आम्ही गहू वाढवला आणि आठवड्यात लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) ओलं. भुसा मुठीत दाबला की गोळा तसाच राहायचा, अमोनियाने डोळे झोंबायचे. गव्हातल्या झायलन नावाच्या तंतूने कोंबडीच्या आतड्यात चिकटपणा येतो. तिथे फायटेज पुरत नाही, झायलन तोडणारं एन्झाइम, झायलनेजच लागतं. ते घातल्यावर पुढच्या बॅचला भुसा मोकळा राहिला. (पाण्याची निपल गळत नाहीत ना, हे मात्र आधी बघा.)

खाद्याचं पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करून घेत असाल तर मिलवाल्याला तापमान नक्की विचारा. ८५ अंशांच्या वर साधं एन्झाइम सहसा टिकत नाही, कोटेड (वरून आवरण दिलेलं) घ्या.